शहापूर आणि मुरबाड : बाह्य भांडवलाच्या आवकेचा तुलनात्मक ऐतिहासिक अभ्यास (१८४९–२०२५)

प्रस्तावना

दोन शेजारी प्रदेशांत बाहेरून आलेल्या भांडवलाची कालानुक्रमे तुलना करणे ही आर्थिक इतिहासाची एक परिचित पद्धती होय. ही तुलना बहुधा देशादेशांमध्ये केली जाते. राष्ट्रीय सीमा, स्वतंत्र चलन आणि मध्यवर्ती बँकेची आकडेवारी यांमुळे ती सोयीची ठरते. मात्र भांडवल प्रत्यक्षात देशात उतरत नसून एखाद्या गावाच्या शिवारात, नदीच्या पात्रात किंवा घाटाच्या पायथ्याशी उतरते. त्यामुळे त्याचे खरे परिणाम पाहावयाचे असतील तर अभ्यासाचा परीघ लहान करणे आवश्यक ठरते.

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील शहापूर आणि मुरबाड हे तालुके अशा तुलनेस विशेष अनुकूल आहेत. दोन्ही तालुके एकमेकांना लागून असून दोहोंच्या पूर्वेस सह्याद्रीची भिंत आहे. भरपूर पाऊस, भातशेती, विस्तृत वनक्षेत्र आणि ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या आदिवासी समाजांची लक्षणीय वस्ती ही दोहोंची समान वैशिष्ट्ये होत. मुंबई महानगराची जवळीकही दोघांना लाभलेली आहे. तरीही गेल्या पावणेदोनशे वर्षांत दोघांकडे आलेल्या बाह्य भांडवलाचा काळ, प्रकार आणि प्रमाण यांत मोठी तफावत दिसते. २०११च्या जनगणनेनुसार शहापूर तालुक्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख १४ हजार, तर मुरबाडची सुमारे १ लाख ९० हजार होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागाचा विचार करताना या दोन तालुक्यांना अधिकच महत्त्व आले आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) शहापूर व मुरबाड तालुक्यांत आलेल्या बाह्य भांडवलाचे टप्पे निश्चित करणे.
२) त्यांपैकी परकीय भांडवलाचे स्वरूप तपासणे.
३) दोन तालुक्यांतील तफावतीची ऐतिहासिक कारणे शोधणे.
४) आलेल्या भांडवलाचा लाभ स्थानिक समाजाच्या हाती कितपत राहिला याचा विचार करणे.

येथे 'बाह्य भांडवल' ही संज्ञा तालुक्याबाहेरून आलेल्या सर्व दीर्घकालीन गुंतवणुकीसाठी वापरली असून 'परकीय भांडवल' हा तिचा एक भाग मानला आहे. अभ्यासाची पद्धती ऐतिहासिक व तुलनात्मक आहे.

संकल्पनात्मक चौकट

परकीय गुंतवणुकीचे थेट व रोखे असे दोन प्रमुख प्रकार मानले जातात. प्रचलित आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार परदेशी गुंतवणूकदाराकडे एखाद्या कंपनीतील १० टक्के किंवा त्याहून अधिक मताधिकार असल्यास ती थेट गुंतवणूक ठरते. व्यवस्थापनावरील दीर्घकालीन प्रभाव हे तिचे लक्षण होय. आवकेचा वार्षिक प्रवाह आणि वर्षानुवर्षे साचलेला साठा यांतील भेदही लक्षात घ्यावा लागतो, कारण एका वर्षाच्या प्रवाहावरून काढलेला निष्कर्ष साठ्याच्या कसोटीवर टिकेलच असे नाही.

युरोपातील दोन दाखले या संदर्भात उद्बोधक आहेत. साम्यवादी राजवटीच्या अंतानंतर हंगेरीने सरकारी उद्योग परदेशी कंपन्यांना रोख किमतीत विकण्याचा मार्ग धरला, तर चेक प्रजासत्ताकाने कूपन पद्धतीने उद्योगांचे भाग नागरिकांत वाटले. परिणामी १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात थेट परकीय गुंतवणुकीत हंगेरी आघाडीवर राहिला. १९९८मध्ये चेक सरकारने गुंतवणूकदारांना सवलती देण्याचे धोरण स्वीकारल्यानंतर त्या देशातील आवक झपाट्याने वाढली. शेजारी देशांतील तफावत निसर्गापेक्षा निर्णयांमुळे निर्माण होते, हे यावरून दिसते.

दुसरा दाखला आयर्लंडचा आहे. २०१५मध्ये त्या देशाचे सकल देशांतर्गत उत्पादन एका वर्षात २५ टक्क्यांहून अधिक वाढल्याचे नोंदले गेले. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली मालमत्ता कागदोपत्री तेथे हलविल्याचा हा परिणाम होता. देशात नोंदले जाणारे उत्पन्न आणि देशवासीयांच्या वाट्याला येणारे उत्पन्न यांत एवढे अंतर पडले की आयरिश सांख्यिकी कार्यालयाने २०१७पासून 'सुधारित सकल राष्ट्रीय उत्पन्न' हे वेगळे मापन प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. एखाद्या भूमीवर झालेली गुंतवणूक त्या भूमीवरील माणसांची होतेच असे नाही, हा यातील बोध शहापूर–मुरबाडच्या अभ्यासात फार उपयोगी पडतो.

पूर्वपीठिका : नाणेघाटाचा मार्ग

प्राचीन काळी या दोन प्रदेशांपैकी मुरबाडच्या बाजूचे पारडे जड होते. कल्याण बंदरातून निघणारा व्यापारी मार्ग मुरबाडच्या प्रदेशातून वैशाखरे येथे सह्याद्रीच्या पायथ्याशी पोहोचे आणि नाणेघाट चढून जुन्नर व पुढे पैठणकडे जाई. नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख असून घाटमाथ्यावरील दगडी रांजण परंपरेने जकातीचा मानला जातो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनातही कल्याणचा उल्लेख आढळतो. पुढील काळात तांडे आणि बैलबाजार यांच्या आधारे हा व्यापार लहान प्रमाणात टिकून राहिला. म्हसा येथील यात्रा व तिचा गुरांचा बाजार ही त्या परंपरेची आजही दिसणारी खूण होय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहापूर हा मुरबाडपेक्षा आर्थिकदृष्ट्या वरचढ ठरावा असे कोणतेही नैसर्गिक कारण नव्हते.

पहिला टप्पा : रेल्वे आणि लंडनचे भांडवल

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात १७ ऑगस्ट १८४९ रोजी करार झाला. त्यान्वये भागधारकांना ५ टक्के परताव्याची हमी मिळाली आणि जमीन विनामूल्य उपलब्ध झाली. कंपनीचे भांडवल मुख्यत्वे ब्रिटनमध्ये उभारले गेले व तिचे संचालक मंडळ लंडनमध्ये होते. भागधारक विखुरलेले असल्याने ही गुंतवणूक रोख्यांची म्हणावी, तर व्यवस्थापन परदेशातून होत असल्याने ती थेट गुंतवणुकीच्या जवळ जाते. मीरा विल्किन्स यांनी अशा उद्योगांसाठी १९८८मध्ये 'स्वतंत्र उभी कंपनी' अशा आशयाची संज्ञा सुचविली. डॅनियल थॉर्नर यांच्या 'इन्व्हेस्टमेंट इन एम्पायर' (१९५०) या ग्रंथात हमी पद्धतीची चिकित्सा आढळते. नफा कमी पडल्यास तूट भारतीय महसुलातून भरली जाई. याचाच अर्थ, भांडवल परकीय असले तरी जोखीम येथील करदात्याची होती.

कंपनीच्या आरंभीच्या आराखड्यांत दख्खनवर चढण्यासाठी माळशेज घाटाचा विचार झाला होता. तो मार्ग प्रत्यक्षात आला असता तर लोहमार्ग मुरबाडमधून गेला असता. तथापि मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या काळातील पाहणीनंतर तो पर्याय मागे पडून थळ आणि बोर या घाटांची निवड झाली. या एका तांत्रिक निर्णयाने दोन तालुक्यांचे पुढील दीडशे वर्षांचे भवितव्य मोठ्या प्रमाणात ठरले.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई–ठाणे मार्ग सुरू झाला आणि १८५४मध्ये रेल्वे कल्याणला पोहोचली. १ ऑक्टोबर १८५५ रोजी ती वासिंदला, फेब्रुवारी १८६०मध्ये आसनगावला आणि १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्याला आली. थळ घाटातील १:३७ इतक्या तीव्र चढाचा मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी इगतपुरीपर्यंत खुला झाला. शहापूर तालुक्यात अशा रीतीने अवघ्या एका दशकात लंडनचे भांडवल रूळ, पूल व बोगदे यांच्या रूपाने स्थिरावले. मुरबाडच्या वाट्याला विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत रेल्वे आली नाही. कल्याण–मुरबाड मार्गास मंजुरी मिळाली ती एकविसाव्या शतकात.

या गुंतवणुकीचे स्थानिक परिणाम दुहेरी होते. लाकूड, कोळसा आणि गवत मुंबईच्या बाजारात नेणे सुलभ झाले व शहापूरच्या जंगलांवरील ताण वाढला. दुसरीकडे स्थानकांभोवती बाजारपेठा वाढल्या आणि कालांतराने नोकरीसाठी मुंबईस रोज ये-जा करणारा वर्ग निर्माण झाला. १ जुलै १९०० रोजी सरकारने ही कंपनी विकत घेतली, तेव्हा मालकी लंडनच्या भागधारकांकडून सरकारकडे गेली. मार्ग मात्र शहापुरातच राहिला.

दुसरा टप्पा : पाण्यातील गुंतवणूक

रेल्वेपाठोपाठ शहापूरकडे वळले ते मुंबईच्या पाणीपुरवठ्याचे भांडवल. विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे तलाव अपुरे पडल्यावर मुंबई नगरपालिकेने तानसा नदीवर धरण बांधले. ते १८९२मध्ये पूर्ण झाले आणि पुढे टप्प्याटप्प्याने त्याची उंची वाढविण्यात आली. स्वातंत्र्योत्तर काळात १९५७मध्ये वैतरणेवरील धरण पूर्ण झाले. अभियंता ना. वि. मोडक यांच्या नावावरून त्या जलाशयास मोडकसागर हे नाव मिळाले. त्यानंतर राज्य शासनाने शहापूर तालुक्यात भातसा प्रकल्प हाती घेतला.

भातसा प्रकल्पाच्या निमित्ताने परकीय भांडवलाचा दुसरा प्रवाह अप्रत्यक्षपणे शहापूरपर्यंत पोहोचला. जागतिक बँक गटातील आंतरराष्ट्रीय विकास संघटनेने १९७३पासून मुंबईच्या पाणीपुरवठा व मलनिःसारण प्रकल्पांस कर्ज दिले, आणि त्या योजनांचा मुख्य जलस्रोत भातसा हा होता. ही रक्कम थेट गुंतवणूक नसून सार्वजनिक कर्ज होते. कर्जदार मुंबई, सावकार वॉशिंग्टनमध्ये आणि पाणी शहापूरचे, अशी ही रचना होती.

तिचे फलित आकड्यांत स्पष्ट दिसते. मुंबईस पाणी पुरविणाऱ्या सात जलाशयांची एकूण उपयुक्त क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे. त्यांपैकी भातसाची ७,१७,०३७ आणि तानसाची १,४५,०८० दशलक्ष लिटर आहे. म्हणजे सुमारे ६० टक्के साठा केवळ या दोन जलाशयांत होतो. असे असूनही शहापूर तालुक्यातील अनेक गावे आणि पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. जलवाहिन्या सखल भागातून महानगराकडे जातात, तर वस्त्या उंचावर व विखुरलेल्या आहेत. त्यांच्यापर्यंत पाणी चढविण्याचा खर्च मूळ प्रकल्पांच्या हिशेबात धरलेला नव्हता. तालुक्यासाठी पुढे इगतपुरीकडील भावली धरणातून पाणी आणण्याची योजना आखावी लागली, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

मुरबाडमध्ये पाण्यातील गुंतवणूक उशिरा आणि वेगळ्या हेतूने आली. १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९७०च्या दशकात बारवी धरण उभारले. ते मुख्यतः औद्योगिक वसाहतींसाठी होते. पुढे कल्याण–डोंबिवली, उल्हासनगर आदी शहरांची भिस्तही त्यावर आली. उंची वाढविण्याचे काम दीर्घकाळ चालले आणि वाढीव क्षमतेने जलाशय २०१९मध्ये भरला. त्यात तोंडलीसारखी मुरबाड तालुक्यातील गावे विस्थापित झाली.

काळू नदीवरील प्रस्तावित धरणाचा अनुभव निराळा आहे. वनविषयक मंजुरी नसताना २०११मध्ये सुरू झालेल्या कामास स्थानिक आदिवासी व शेतकऱ्यांनी विरोध केला. श्रमिक मुक्ती संघटनेने हा प्रश्न न्यायालयात नेला आणि २०१२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कामास स्थगिती दिली. एकोणिसाव्या शतकात तानसाकाठच्या रहिवाशांस असा कोणताही मार्ग उपलब्ध नव्हता. भांडवल उशिरा येणे हे मुरबाडचे नुकसान मानले जाते. परंतु त्या उशिरामुळे येथील समाजाला कायद्याचे हत्यार वापरता आले, हेही नोंदविले पाहिजे.

तिसरा टप्पा : उद्योग आणि १९९१नंतरचा काळ

मुंबई–ठाणे पट्ट्यातील उद्योगांचे विकेंद्रीकरण व्हावे यासाठी महाराष्ट्र शासनाने १९६४पासून सामूहिक प्रोत्साहन योजना राबविली. शहापूर व मुरबाड हे दोन्ही तालुके १९७५मध्ये स्थापन झालेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या मूळ हद्दीबाहेर होते. शहापूरमध्ये रेल्वे आणि मुंबई–आग्रा महामार्ग यांच्या आधारे वासिंद–आसनगाव परिसरात कारखाने आले. वासिंद येथील जिंदाल समूहाचा पोलादी पत्र्यांचा कारखाना हे त्याचे ठळक उदाहरण होय. मुरबाडमध्ये रेल्वे नसल्याने शासकीय औद्योगिक क्षेत्र हाच उद्योगांचा मुख्य आधार ठरला. टेक्नोक्राफ्ट इंडस्ट्रीज या कंपनीने तेथे पिंपांची बुचे, परांचीचे पोलादी साहित्य आणि सूत यांचे निर्यातक्षम उत्पादन उभारले. भांडवल देशी आणि बाजारपेठ परदेशी, असे मुरबाडच्या औद्योगिकीकरणाचे एक वैशिष्ट्य त्यातून दिसते.

२४ जुलै १९९१च्या औद्योगिक धोरणाने ३४ उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंतच्या परकीय भागभांडवलास आपोआप मान्यता देण्याची वाट मोकळी केली. १९७३च्या परकीय चलन नियमन कायद्याने घातलेली ४० टक्क्यांची सर्वसाधारण मर्यादा त्यामुळे मागे पडली. तथापि या धोरणाचा तालुकानिहाय परिणाम मोजणे कठीण आहे. थेट परकीय गुंतवणुकीची आकडेवारी दीर्घकाळ रिझर्व्ह बँकेच्या प्रादेशिक कार्यालयांनुसार प्रसिद्ध होत असे. मुंबई कार्यालयाच्या आकड्यात महाराष्ट्रासह दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव यांचाही समावेश असे. राज्यनिहाय आकडे ऑक्टोबर २०१९पासून उपलब्ध झाले.

जपानच्या जेएफई स्टील कंपनीने २०१०मध्ये जेएसडब्ल्यू स्टीलमध्ये १४.९९ टक्के हिस्सा घेतला. व्याख्येनुसार ही थेट गुंतवणूक ठरते आणि वासिंदचा कारखाना त्या वेळी याच कंपनीचा भाग होता. परंतु गुंतवणूक कंपनीच्या पातळीवर झाली आणि कंपनीचे मुख्यालय मुंबईत होते. त्यातील किती रक्कम शहापूरची मानावी, या प्रश्नाला सांख्यिकी उत्तर देत नाही. आयर्लंडमध्ये कागदावरची मालमत्ता प्रत्यक्षाहून मोठी दिसली, तर येथे प्रत्यक्षातील कारखाना कागदावर अदृश्य होतो.

एकविसाव्या शतकात शहापूरकडे पुन्हा एकदा दळणवळणाचे भांडवल आले. सुमारे ५५ हजार कोटी रुपये खर्चाच्या ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. कसारा घाटाचा अडथळा सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्याने ओलांडला गेला. बर्कले यांच्या काळात झालेल्या निवडीचीच ही आधुनिक पुनरावृत्ती होय.

जमिनीच्या व्यवहारांबाबतही एक भेद महत्त्वाचा आहे. १९८५च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये संपूर्ण शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, तर मुरबाडमधील ७७ गावांचाच त्यात समावेश आहे. त्यामुळे ग्रामसभांचे अधिकार दोन तालुक्यांत समान नाहीत. आदिवासींच्या जमिनी बिगर-आदिवासींकडे जाण्यावर दोन्हीकडे कायदेशीर निर्बंध असले तरी सर्वाधिक भांडवल आले ते ज्या तालुक्यास घटनात्मक संरक्षण अधिक आहे त्याच तालुक्यात. रेल्वे आणि तानसा धरण तर हे संरक्षण मिळण्यापूर्वीच येऊन गेले होते.

तुलनात्मक विवेचन

कालक्रमाने पाहता प्रत्येक टप्प्यात शहापूरला भांडवल आधी आणि अधिक मिळाले. परंतु त्या भांडवलाचा मोठा भाग 'वाटसरू' स्वरूपाचा होता. रेल्वे दख्खनचा कापूस व धान्य बंदरात नेण्यासाठी, धरणे मुंबईची तहान भागविण्यासाठी आणि महामार्ग नागपूर व मुंबई जोडण्यासाठी उभारला गेला. तालुक्याची जमीन वापरली गेली, पण निर्णय आणि परतावा बाहेर राहिला. मुरबाडमध्ये एकूण आवक कमी असली तरी औद्योगिक क्षेत्रात आलेले भांडवल स्थानिक रोजगाराशी अधिक थेट जोडलेले होते. अर्थात त्या रोजगाराने तालुक्याचा प्रश्न सुटला नाही. वीटभट्ट्यांवर कामासाठी होणारे कातकरी कुटुंबांचे हंगामी स्थलांतर दोन्ही तालुक्यांत चालू राहिले.

या संपूर्ण इतिहासात बारवी प्रकल्पग्रस्तांचा लढा वेगळा उठून दिसतो. दीर्घ संघर्षानंतर, बारवीचे पाणी घेणाऱ्या महापालिका व नगरपालिकांनी आपापल्या पाणीवापराच्या प्रमाणात प्रकल्पग्रस्त कुटुंबांतील व्यक्तींना नोकऱ्या द्याव्यात असे सूत्र शासनाने मान्य केले आणि २०२२मध्ये त्यानुसार नियुक्त्यांची प्रक्रिया झाली. पाणी जितके नेले जाईल तितके उत्तरदायित्व, हे तत्त्व येथे प्रथमच व्यवहारात आले. दीडशे वर्षे केवळ बाहेर वाहणाऱ्या लाभाचा एक लहानसा पाट त्यामुळे उगमाकडे वळला. तानसा व भातसाच्या संदर्भात असे सूत्र लागू झाले असते तर शहापूरचे चित्र कसे दिसले असते, हा विचार धोरणकर्त्यांना टाळता येणार नाही.

निष्कर्ष

१) शहापूर व मुरबाड यांच्यातील तफावतीचे मूळ नैसर्गिक संपन्नतेत नसून एकोणिसाव्या शतकातील घाटाच्या निवडीत आणि त्यानंतरच्या जलप्रकल्पांच्या क्रमात आहे.

२) शहापूरला परकीय भांडवल तीन रूपांत मिळाले : हमी असलेले रेल्वे भाग, आंतरराष्ट्रीय संस्थेचे कर्ज आणि कंपनीच्या पातळीवरील थेट गुंतवणूक. मुरबाड पहिल्या दोन रूपांपासून वंचित राहिला.

३) थेट परकीय गुंतवणुकीची उपलब्ध आकडेवारी मुख्यालयाकडे झुकलेली असल्याने ग्रामीण तालुक्यांच्या तुलनेस ती अपुरी आहे. अशा अभ्यासात प्रत्यक्ष उभ्या राहिलेल्या मालमत्तेचा मागोवा घेणे अधिक फलदायी ठरते.

४) भांडवलाची आवक हा विकासाचा पुरेसा निकष नाही. निर्णय कोणी घेतला, परतावा कोठे गेला आणि स्थानिकांचा हक्क करारात लिहिला गेला काय, या तीन प्रश्नांची उत्तरे आवकेच्या रकमेइतकीच निर्णायक आहेत.

५) उशिरा आलेल्या भांडवलास स्थानिक समाज अधिक सजगतेने सामोरा जाऊ शकतो, हे काळू आणि बारवीच्या अनुभवावरून दिसते. कल्याण–मुरबाड रेल्वे आणि समृद्धी महामार्गाभोवतीच्या नव्या गुंतवणुकीची वाटचाल ठरविताना या अनुभवाचा आधार घेतला गेला, तरच शहापूरच्या पाणवठ्यांवर घडलेला इतिहास मुरबाडच्या रूळांवर पुन्हा घडणार नाही.